नेत्यांची संपत्ती पाच वर्षांत दुप्पट, मग आपली बचत का होत नाही? उमेदवाराचे प्रतिज्ञापत्र कसे वाचायचे

उमेदवारी अर्ज भरण्याची मुदत संपली की मोबाइलवर स्क्रीनशॉट फिरू लागतात. 'साहेबांची संपत्ती पाच वर्षांत दुप्पट', 'ताईंच्या नावावर एकही गाडी नाही', 'शेतकरी म्हणवणाऱ्याकडे कोट्यवधींचे शेअर'. खाली कमेंट ठरलेल्या असतात. कुणी 'लुटलं' म्हणतो, कुणी 'त्यांचा धंदा आहे, तुमच्या पोटात का दुखतं' म्हणतो, आणि मध्येच एखादा लिहून जातो, 'वीस वर्षं नोकरी करतोय, बँकेत वीस हजारसुद्धा नाहीत.'

या तिसऱ्या माणसाचा प्रश्न पहिल्या दोघांपेक्षा महत्त्वाचा आहे. पण आधी स्क्रीनशॉटमधला आकडा कुठून येतो, तो काय सांगतो आणि काय सांगत नाही, ते समजून घेऊ.

हे आकडे आपल्याला कधीपासून कळू लागले?

फार जुनी गोष्ट नाही. २००२ पर्यंत उमेदवाराकडे किती पैसा आहे, त्याच्यावर कोणते गुन्हे आहेत, हे मतदाराला अधिकृतपणे कळण्याची सोयच नव्हती. अहमदाबादच्या आयआयएममधील काही प्राध्यापकांनी स्थापन केलेली 'असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स' (एडीआर) ही संस्था १९९९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात गेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले आणि २ मे २००२ रोजी न्यायालयाने सांगितले की, उमेदवाराची माहिती मिळणे हा मतदाराच्या अभिव्यक्ती स्वातंत्र्याचाच भाग आहे.

पुढे काय झाले, ते लक्षात ठेवण्यासारखे आहे. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्ष या निकालाविरुद्ध एकत्र आले. आधी अध्यादेश निघाला, मग कायद्यात दुरुस्ती झाली. न्यायालयाने काहीही म्हटले असले तरी कायद्यात आहे त्यापेक्षा जास्त माहिती देण्याची उमेदवारावर सक्ती नाही, असे कलम '३३ ब' घालण्यात आले. १३ मार्च २००३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केले. आज आपण ज्या प्रतिज्ञापत्राचे स्क्रीनशॉट पाहतो, ते या झटापटीतून मिळालेले आहे. कोणत्याही पक्षाने ते खुशीने दिलेले नाही.

त्यात काय काय लिहावे लागते?

विधानसभा आणि लोकसभेच्या उमेदवाराला 'नमुना २६' भरावा लागतो. त्यात स्वतःची, पती किंवा पत्नीची, हिंदू अविभक्त कुटुंबाची आणि अवलंबितांची मालमत्ता येते. हातातली रोकड, बँकेतल्या ठेवी, शेअर, विमा, पोस्टातली बचत, दिलेली उसनवारी, गाड्या आणि दागिने हे जंगम मालमत्तेत. शेतजमीन, बिनशेती जमीन, दुकानगाळे आणि घरे हे स्थावर मालमत्तेत. स्थावर मालमत्ता कधी घेतली, कितीला घेतली आणि आजचा अंदाजे बाजारभाव काय, हेही लिहायचे असते. शेवटी कर्ज आणि सरकारी देणी.

२०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रकाने कोरे ठेवण्यावर बोट ठेवले. आठवण करून देऊनही उमेदवाराने रकाना रिकामा ठेवला तर अर्ज फेटाळता येतो. फेब्रुवारी २०१८ मध्ये 'लोकप्रहरी' या संस्थेच्या याचिकेवर निकाल देताना न्यायालय आणखी पुढे गेले. केवळ मालमत्ता सांगून भागणार नाही, उत्पन्नाचा स्रोतही सांगा, असे त्या निकालाने ठरवले. २०१९ पासून मागच्या पाच वर्षांच्या आयकर विवरणपत्रातले उत्पन्न आणि परदेशातली मालमत्ताही नमुन्यात आली.

एप्रिल २०२४ चा एक निकाल मात्र उलट्या बाजूला झुकणारा वाटतो. अरुणाचल प्रदेशातील तेझूच्या आमदाराने तीन वाहने दाखवली नव्हती, म्हणून निवडणुकीला आव्हान देण्यात आले होते. उमेदवाराने घरातली प्रत्येक वस्तू सांगितलीच पाहिजे असे नाही. जी मालमत्ता इतकी मोठी आहे की तिच्यामुळे उमेदवाराबद्दलचे मत बदलेल, ती लपवली तर प्रश्न येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. यात तथ्य आहे. पण 'मोठी' म्हणजे किती, हा वाद त्यामुळे प्रत्येक प्रकरणात नव्याने होणार.

'५७५ टक्के वाढ' म्हणजे नेमके काय?

२०२४ च्या विधानसभा निवडणुकीत सर्वाधिक फिरलेला आकडा घाटकोपर पूर्वचे भाजपचे उमेदवार पराग शहा यांचा होता. २०१९ मध्ये सुमारे ५०० कोटी, २०२४ मध्ये सुमारे ३,३८३ कोटी. वाढ जवळपास ५७५ टक्के. राज्यातले ते सर्वांत श्रीमंत उमेदवार ठरले आणि निवडूनही आले.

हा आकडा पाहून 'पाच वर्षांत आमदारकीत एवढे कमावले' असे म्हणणे सोपे आहे, पण ते बरोबर नाही. शहा बांधकाम व्यावसायिक आहेत आणि त्यांनी दाखवलेल्या मालमत्तेतला बहुतांश भाग जंगम आहे. तुमच्याकडे ५० रुपये भावाचे शंभर शेअर असतील आणि पाच वर्षांत भाव ३०० वर गेला, तर तुमची संपत्ती ५०० टक्क्यांनी वाढली असे कागदावर दिसते. तुम्ही एक रुपयाही नवा कमावलेला नसतो. उद्या भाव पडला तर तीच संपत्ती तितक्याच वेगाने घटलेली दिसेल. जमिनीचेही असेच. समृद्धी महामार्गाच्या वळणावर वडिलोपार्जित चार एकर असतील तर मालकाने काही न करता किंमत बदलते. (महामार्ग कुठून जाणार हे आधी कुणाला माहीत होते, हा प्रश्न वेगळा, आणि तो विचारलाच पाहिजे. त्यासाठी प्रतिज्ञापत्रातली खरेदीची तारीख बघायची.)

आता दुसरी बाजू. २०२४ च्या लोकसभेला पुन्हा उभ्या राहिलेल्या ३२४ खासदारांच्या प्रतिज्ञापत्रांची तुलना एडीआरने केली. त्यांची सरासरी संपत्ती २०१९ मध्ये साडेएकवीस कोटींच्या आसपास होती, ती पाच वर्षांत सुमारे ४३ टक्क्यांनी वाढली. 'पाच वर्षांत ४३ टक्के' ऐकायला जबरदस्त वाटते. चक्रवाढीने हिशेब केला तर ते वर्षाला साडेसात टक्क्यांहूनही किंचित कमी भरते. पीपीएफचा दर एप्रिल २०२० पासून ७.१ टक्के आहे. म्हणजे सरासरी खासदाराचा पैसा साधारण पोस्टात ठेवल्यासारखाच वाढला.

फरक टक्क्यांत नाही, मुद्दलात आहे. साडेएकवीस कोटींवर साडेसात टक्के म्हणजे वर्षाला दीड कोटीहून जास्त. दोन लाखांवर साडेसात टक्के म्हणजे पंधरा हजार. टक्का दोघांचा एकच, पण एकाला त्यातून दरवर्षी पुण्यात एक फ्लॅट येतो आणि दुसऱ्याला एक मोबाइल. स्क्रीनशॉट बनवणारे नेहमी टक्केवारी मोठ्या अक्षरात टाकतात. बघायला हवा तो मूळ आकडा.

'९३ टक्के खासदार करोडपती' यावर किती विश्वास ठेवायचा?

आकडा खरा आहे. एडीआरच्या विश्लेषणानुसार २०२४ मध्ये निवडून आलेल्या ५४३ पैकी ५०४ खासदारांनी एक कोटीहून अधिक मालमत्ता दाखवली. २००९ मध्ये हे प्रमाण ५८ टक्के होते, २०१४ मध्ये ८२ आणि २०१९ मध्ये ८८. महाराष्ट्र विधानसभेत २०२४ ला ते ९७ टक्क्यांवर गेले.

पण 'करोडपती' या शब्दाची किंमत आता पूर्वीची राहिलेली नाही. ठाण्यात किंवा कोथरूडमध्ये वडिलांनी तीस वर्षांपूर्वी घेतलेला दोन खोल्यांचा फ्लॅट नावावर असेल तर निवृत्त शिक्षकही करोडपती ठरतो. सरासरीही फसवते. लोकसभेच्या विजयी उमेदवारांची सरासरी संपत्ती ४६.३४ कोटी निघाली. त्यात गुंटूरचे खासदार चंद्रशेखर पेम्मसानी यांचे एकट्याचे ५,७०५ कोटी आहेत. तो एक आकडा बाजूला काढला की उरलेल्या ५४२ जणांची सरासरी ३६ कोटींच्या आसपास येते. एका माणसाने सगळ्या सभागृहाची सरासरी दहा कोटींनी वर ओढली.

तरी एवढे सगळे वजा करूनही चित्र बदलत नाही. आपले प्रतिनिधी आपल्यासारखे नाहीत, आणि ते दरवेळी आपल्यापासून आणखी दूर जात आहेत. याचे एक कारण निवडणुकीच्या खर्चात आहे. मोठ्या राज्यांत लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाख आणि विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाख खर्चाची मर्यादा आहे. गोव्यात ती अनुक्रमे ७५ आणि २८ लाख. खासदाराचे मूळ वेतन एप्रिल २०२३ पासून महिना १ लाख २४ हजार आहे, म्हणजे पाच वर्षांचे ७४ लाख ४० हजार. भत्ते वेगळे, पण ते कार्यालय आणि मतदारसंघ चालवण्यासाठी असतात. म्हणजे कायद्याने परवानगी दिलेला खर्च जरी केला, तरी तो पाच वर्षांच्या वेतनापेक्षा जास्त होतो. पक्षाच्या खर्चावर तर मर्यादाच नाही, आणि स्टार प्रचारकांचा प्रवास उमेदवाराच्या हिशेबात धरला जात नाही. ज्याच्याकडे आधीपासून पैसा आहे, किंवा ज्याच्यासाठी पैसा लावायला कुणीतरी तयार आहे, त्यालाच तिकीट परवडते. तो 'कुणीतरी' कोण, हे कळावे म्हणून निवडणूक रोख्यांविरुद्धचा खटला महत्त्वाचा होता. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रोखे रद्द केले आणि देणाऱ्या-घेणाऱ्यांची नावे स्टेट बँकेला उघड करावी लागली. एप्रिल २०१९ पासूनचे १२ हजार कोटींहून अधिक रुपयांचे रोखे त्या यादीत होते.

प्रतिज्ञापत्रात जे कधीच दिसत नाही

महाराष्ट्रात नेत्याची ताकद त्याच्या सातबाऱ्यावर मोजत नाहीत. ती मोजतात कारखाना, बँक, दूध संघ, सूतगिरणी आणि शिक्षण संस्था यांवर. प्रवरानगरला १९५० च्या सुमारास सहकारी साखर कारखाना सुरू झाला तेव्हा कल्पना अशी होती की कारखाना शेतकरी सभासदांचा असेल. कागदावर तो आजही सभासदांचाच आहे. अध्यक्षाच्या नावावर त्यातले काही शेअर असतात, बस्स. तसेच शिक्षण संस्थेचे. ती धर्मादाय न्यास किंवा सोसायटी म्हणून नोंदलेली असते, तिच्या जमिनी आणि इमारती कुणाही व्यक्तीच्या मालकीच्या नसतात.

पण ऊस कुणाचा आधी तोडायचा, नोकरी कुणाला लावायची, कंत्राट कुणाला द्यायचे आणि कर्ज कुणाला मंजूर करायचे, हे कोण ठरवते ते गावात शेंबड्या पोरालाही माहीत असते. मालकी एकाची आणि ताबा दुसऱ्याचा. प्रतिज्ञापत्र मालकी विचारते, ताब्याबद्दल एक ओळही विचारत नाही. म्हणून दोन-तीन जिल्ह्यांच्या अर्थकारणावर पकड असलेला माणूस 'माझ्या नावावर गाडी नाही' असे लिहितो तेव्हा तो खोटे बोलत नसतो.

तीच गोष्ट नातेवाइकांची. कमावता मुलगा, लग्न झालेली मुलगी, भाऊ, पुतण्या, मेव्हणा हे 'अवलंबित' नाहीत. त्यांची कंपनी, त्यांची जमीन नमुना २६ मध्ये येत नाही. आणि तिसरी पळवाट म्हणजे शेती. शेतीचे उत्पन्न आयकरातून मुक्त आहे. ते योग्यच आहे, कारण खरा शेतकरी आधीच मेटाकुटीला आलेला असतो. पण त्यामुळे 'उत्पन्नाचा स्रोत: शेती' असे लिहिले की एकरी उत्पन्न किती धरले, ते विचारणारे फारसे कुणी उरत नाही.

खोटी माहिती दिली तर?

निवडणूक निर्णय अधिकारी प्रतिज्ञापत्र पूर्ण भरले आहे की नाही एवढेच पाहतो. ते खरे आहे का, हे तपासणे त्याचे काम नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५ अ नुसार खोटी माहिती देणे किंवा लपवणे यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. सहा महिने ही शिक्षा मुळात किरकोळ आहे आणि तिथवर प्रकरण पोहोचायलाच वर्षे लागतात. महाराष्ट्रात या कलमाखालचा सर्वांत गाजलेला खटला देवेंद्र फडणवीस यांच्यावरचा. तो मालमत्तेचा नव्हे, तर २०१४ च्या प्रतिज्ञापत्रात दोन गुन्ह्यांची माहिती न दिल्याचा होता. सप्टेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या न्यायालयाने त्यांची निर्दोष मुक्तता केली. प्रतिज्ञापत्र आणि निकाल यांत नऊ वर्षे गेली.

२०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने लोकप्रतिनिधींच्या संपत्तीतली अवाजवी वाढ तपासणारी कायमस्वरूपी यंत्रणा उभी करायला सांगितले होते. निकालानंतर अनेक वर्षे ती कागदावरच राहिली.

आता त्या तिसऱ्या माणसाचा प्रश्न: माझी बचत का होत नाही?

सोशल मीडियावर याला दोन ठरावीक उत्तरे मिळतात. एक, 'नेत्यांनी खाल्ले म्हणून.' दुसरे, 'तुम्ही चहा-सिगारेट आणि बाहेर खाणे बंद करा, एसआयपी लावा.' दोन्ही उत्तरे सोयीची आहेत. खरे उत्तर वहीत मांडून बघावे लागते.

समजा नाशिकच्या अंबड एमआयडीसीत कंत्राटी कामगार असलेले एक कुटुंब आहे. त्याला २० हजार मिळतात. देशात नियमित पगारदारांची सरासरी कमाई साधारण इतकीच आहे, त्यामुळे हे उदाहरण अगदी गरिबाचे नाही. ती शिवणकाम करून ६ हजार मिळवते. दोन मुले. घरभाडे ६,५००. किराणा, दूध, भाजी ८,०००. गॅस आणि लाइट बिल १,९००. मुलांची फी, रिक्षा, शिकवणी ३,०००. गाडीचा हप्ता आणि पेट्रोल ३,६००. मोबाइलचे रिचार्ज ७००. गावाकडे आईवडिलांना १,५००. बेरीज २५,२००. उरले ८००.

यात सणवार नाही, कपडे नाहीत, लग्नाचा आहेर नाही, दवाखाना नाही. सगळे सुरळीत गेले तर वर्षाला ९,६०० शिल्लक. एका मुलाला डेंग्यू होऊन चार दिवस खासगी दवाखान्यात ठेवावे लागले आणि बिल तीस हजार झाले, की तीन वर्षांची बचत संपते. २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशातल्या एकूण आरोग्यखर्चापैकी ३९ टक्के पैसे लोकांनी थेट खिशातून भरले. २०१३-१४ मध्ये ते प्रमाण ६४ टक्के होते, म्हणजे सुधारणा आहे. पण आजारपण सरासरी बघून येत नाही.

बचतीचे सल्ले देणारे एक गोष्ट विसरतात. गरीब घरात कात्री लावायला जागाच नसते. २०२३-२४ च्या घरगुती खर्च सर्वेक्षणात ग्रामीण कुटुंबाच्या खर्चातला ४७ टक्के आणि शहरी कुटुंबाच्या खर्चातला जवळपास ४० टक्के वाटा खाण्यापिण्याचा निघाला. तेल, डाळ, टोमॅटो महागले की त्याचा पहिला घाव थेट उरलेल्या आठशे रुपयांवर बसतो. श्रीमंताच्या घरी टोमॅटो महागला तर त्याच्या शेअरवर परिणाम होत नाही.

आणि जे साठते त्याचे काय होते? २०२२-२३ मध्ये महागाई सरासरी ६.७ टक्के होती. त्या काळात बचत खात्यावर तीन टक्क्यांच्या आसपास व्याज मिळत होते आणि मुदत ठेवींवर अनेक ठिकाणी त्याहून जास्त, पण महागाईपेक्षा कमी. म्हणजे ज्याने इमानेइतबारे बँकेत पैसे ठेवले त्याचे पैसे वाढले, पण त्यांतून येणारा किराणा कमी झाला. त्याच वर्षी देशातल्या कुटुंबांची निव्वळ आर्थिक बचत, म्हणजे ठेवी-विमा-शेअर यांतून नवी कर्जे वजा करून जे उरते ते, जीडीपीच्या सुमारे ५ टक्क्यांवर आली. जवळपास पाच दशकांतला हा नीचांक. कोविडच्या २०२०-२१ मध्ये ती ११ टक्क्यांच्या वर होती, पण तेव्हा लोक घरात कोंडलेले होते, त्यामुळे त्या वर्षाशी तुलना करताना जपून.

यातला 'कर्जे वजा करून' हा भाग महत्त्वाचा. लोकांनी बचत करणे थांबवलेले नाही. कर्ज जास्त वेगाने वाढले. सगळे कर्ज वाईट नसते. घरासाठी घेतलेले कर्ज मालमत्ता उभी करते. पण बचत गटाच्या नावाने घरी येणाऱ्या मायक्रोफायनान्स कंपनीचा व्याजदर वीस टक्क्यांच्या पुढे असतो. घरात दहा हजारांची ठेव सात टक्क्यांवर आणि दहा हजारांचे कर्ज चोवीस टक्क्यांवर असेल, तर वर्षाला सातशे येतात आणि चोवीसशे जातात. अशा घराला एसआयपीचा सल्ला देणे म्हणजे गळक्या माठात पाणी ओतायला सांगणे. आधी महाग कर्ज फेडणे हीच त्यांच्यासाठी सर्वांत चांगली गुंतवणूक असते.

मग नेत्यांचा आणि आपल्या बचतीचा संबंधच नाही?

आहे, पण तो 'त्यांनी खाल्ले म्हणून माझे गेले' इतका सरळ नाही. तो संबंध विश्वासाच्या वाटेने येतो, आणि महाराष्ट्रात ही वाट सहकारी बँकेच्या आणि पतसंस्थेच्या दारातून जाते.

नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचे उदाहरण घ्या. २००२ मध्ये बँकेचे सुमारे १५० कोटी रुपये सरकारी रोख्यांत गुंतवायचे म्हणून दलाल कंपन्यांना दिले गेले. रोखे बँकेला मिळालेच नाहीत. तेव्हाचे अध्यक्ष सुनील केदार पुढे आमदार झाले, मंत्रीही झाले. २२ डिसेंबर २०२३ रोजी न्यायालयाने त्यांना दोषी ठरवून पाच वर्षांची शिक्षा दिली आणि त्यांची आमदारकी गेली. निकालाला त्यांनी वरच्या न्यायालयात आव्हान दिले आणि त्यांना जामीन मिळाला. पैसे जाण्यापासून पहिल्या निकालापर्यंत एकवीस वर्षे. या काळात ज्या शेतकऱ्याची ठेव अडकली, त्याच्या मुलीचे लग्न होऊन नातवंडे शाळेत गेली असतील.

पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेचे प्रकरण अनेकांना अजून आठवत असेल. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध लादले आणि सुरुवातीला खात्यातून फक्त एक हजार रुपये काढता येतील असे सांगितले. बँकेत सुमारे ११,६०० कोटींच्या ठेवी होत्या. एकाच बांधकाम समूहाला दिलेली सुमारे साडेसहा हजार कोटींची कर्जे एकवीस हजारांहून अधिक बनावट खात्यांआड लपवली होती. जानेवारी २०२२ मध्ये बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. पाच लाखांपर्यंतच्या ठेवींना विम्याचा आधार मिळाला, त्यापुढची रक्कम टप्प्याटप्प्याने, कमाल दहा वर्षांत.

असे एक प्रकरण झाले की आजूबाजूच्या शंभर घरांत निर्णय बदलतात. बँकेतून काढलेले पैसे सोन्यात जातात, बिनशेती न झालेल्या प्लॉटमध्ये जातात, भिशीत जातात, किंवा 'महिना तीन टक्के' देणाऱ्या कुणा ओळखीच्याकडे जातात. सोने तरी निदान हातात राहते. बाकीच्यांत पुन्हा बुडण्याची शक्यता असते. सल्लागार याला आर्थिक निरक्षरता म्हणतात. मला ते पटत नाही. ज्याचे एकदा बुडाले आहेत त्याने पुन्हा त्याच दारात न जाणे हे अडाणीपणाचे नाही, अनुभवाचे लक्षण आहे. नवे दार निवडताना मात्र चूक होते.

तुम्ही स्वतः काय तपासू शकता?

उमेदवाराबद्दल: निवडणूक आयोगाच्या प्रतिज्ञापत्रांच्या पोर्टलवर मूळ स्कॅन केलेली प्रत मिळते. एडीआरच्या 'मायनेता' संकेतस्थळावर तीच माहिती तक्त्यात मिळते आणि मागच्या निवडणुकीशी तुलना करता येते. महापालिका आणि जिल्हा परिषदेच्या उमेदवारांनाही प्रतिज्ञापत्र द्यावे लागते, ते राज्य निवडणूक आयोगाकडे असते. उघडल्यावर आधी एकूण आकडा बघू नका. पाच वर्षांच्या विवरणपत्रातले उत्पन्न बेरीज करा आणि त्या काळात नव्याने घेतलेल्या मालमत्तेची खरेदी किंमत शेजारी लिहा. जुन्या मालमत्तेचा भाव वाढणे वेगळे आणि दाखवलेल्या उत्पन्नापेक्षा जास्त पैशांची नवी खरेदी होणे वेगळे. दुसऱ्या गोष्टीला उत्तर मागता येते. कर्जाच्या रकान्यात बँकेऐवजी व्यक्ती किंवा कंपन्यांची नावे असतील तर तीही बघा. खटल्याची वाट धरायची असेल तर निवडणूक याचिका निकालानंतर ४५ दिवसांत उच्च न्यायालयात दाखल करावी लागते.

स्वतःच्या पैशांबद्दल: बँकेतल्या ठेवीला, व्याजासह, एका बँकेत एका ठेवीदारामागे पाच लाखांपर्यंत विमा आहे. फेब्रुवारी २०२० पूर्वी ही मर्यादा एक लाख होती. २०२१ च्या दुरुस्तीनंतर बँकेवर निर्बंध आले तर विम्याची रक्कम ९० दिवसांत मिळायला हवी. एकाच बँकेच्या तीन शाखांत ठेवी ठेवल्या तरी मर्यादा एकच. दोन वेगळ्या बँकांत ठेवल्या तर दोन. पतसंस्था आणि मल्टिस्टेट क्रेडिट सोसायटीतल्या ठेवींना हा विमा लागू नाही, मग दारावर कितीही मोठ्या नेत्याचा उद्घाटनाचा फोटो असो. एक-दोन टक्के जास्त व्याज मिळते ते या नसलेल्या विम्याच्या बदल्यात. तिथे पैसे अडकले तर पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे तक्रार करता येते. १९९९ च्या ठेवीदार संरक्षण कायद्याखाली, म्हणजे ज्याला सगळे 'एमपीआयडी' म्हणतात त्याखाली, गुन्हा नोंदला तर संचालकांची मालमत्ता जप्त करून ठेवी परत करण्याची तरतूद आहे. तक्रारीला ठेवपावतीची प्रत जोडावी लागते, तेव्हा मूळ पावती कुणी 'नूतनीकरणासाठी' मागितली तर आधी तिचा फोटो काढून ठेवा.